बंधाऱ्याची पायली

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी पायली आहे. चार शेर तांदूळ माझ्या पोटात मावतात. काठाच्या वर ढीग चढवला, ज्याला शीग म्हणतात, तर दोन मुठी जास्त. या घटकेला मी म्हैसूरहून निघालेल्या बसमध्ये, फडक्यात बांधलेली, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर बसले आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

समुद्रकाठच्या खारतळे गावात एका तांबटाने मला घडवले, त्याला चारशे वर्षे तरी झाली असतील. माझ्या काठावर चार ठसे आहेत. पहिला सुलतानाच्या ठाणेदाराचा, दुसरा गलबतातून उतरलेल्या फिरंग्याचा, तिसरा मराठ्यांच्या सुभेदाराचा, चौथा कंपनी सरकारचा. जो आला तो म्हणाला, आधीचे माप खोटे, खरे माप आमचे. मग सारा घेताना त्याने माझ्यावर शीग चढवली आणि गावाला काही द्यायची वेळ आली की तीच शीग तळहाताने पुसून टाकली. टोप्या वेगळ्या, पागोटी वेगळी. तळहात सगळ्यांचे सारखे.

पण खारतळ्यावर खरे राज्य खाऱ्या पाण्याचे. भाताची शेते खाडीला लागून, मध्ये फक्त मातीचा बंधारा. तो फुटला की शेतात तीन वर्षे काही उगवत नाही. म्हणून सुगी झाली की प्रत्येक घराने बंधाऱ्यासाठी पायलीभर तांदूळ द्यायचा, शीग लावून, आणि बंधाऱ्याला माती घालणाऱ्यांनी त्यावर जेवायचे. हे मोजायचे ते माझ्यानेच. मी मात्र कुणा एकाची नव्हे. दर वर्षी एका घरी, पाळीने.

स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी माझी पाळी भुजंगरावांच्या घरी आली. त्याच वर्षी त्यांच्या भवानीचे लग्न म्हैसूरला ठरले, जुन्या म्हैसूर फौजेतल्या शिलेदारांच्या घराण्यात. नवरीने उंबरठ्यावरचे तांदळाचे माप पायाने लवंडून सासरी शिरायचे. आणि नवरीने ते माप माहेरूनच आणायचे, असा सासरच्यांचा हट्ट. घाईत भुजंगरावांना दुसरे काही सापडेना. त्यांनी मलाच गाठोड्यात घातले. सुगीच्या आत परत आणू, म्हणाले. पुढच्याच पावसाळ्यात ते वारले.

भवानीच्या सासूबाई गिरिजाबाई. त्यांनी माझे ठसे पाहिले आणि गल्लीभर सांगितले की सुनेने राजांचे माप आणले. दर दसऱ्याला मला चिंचेने घासत, कुंकू लावत. गिरिजाबाईंच्या हातून वस्तू सोडवणे सुलतानालाही जमले नसते. भवानी मात्र माझ्याने सरगूरच्या बाजारातून आलेले तांदूळ मोजताना कधी शीग लावत नसे. हात काठाशी येई आणि थांबे.

अशी दहा वर्षे गेली. काल भवानीचे चुलते गंगाधरराव दारात उभे राहिले. त्यांनी सांगितले, मी गेल्यावर प्रत्येक घर आपापल्या डब्याने तांदूळ देऊ लागले, आणि डबे वर्षागणिक लहान होत गेले. बंधाऱ्याची माणसे अर्धपोटी परतली. दोन वर्षे खालच्या शेतांत खारे पाणी आहे. तीन घरे गाव सोडून कौलांच्या कारखान्यात मजुरीला गेली. येत्या पौर्णिमेच्या भरतीआधी माती पडली नाही तर वरची शेतेही जातील. गाव म्हणते, जुनी पायली आणा, देतो.

भवानीचे यजमान दत्तोजीराव कारकून माणूस. आता किलोचा कायदा आला आहे, बाजारातून नवे माप घेऊन जा, असे त्यांनी सुचवले.

"नवं नेलं तर म्हणतील, गंगाधरानं आपल्या सोयीचं आणलं," काका म्हणाले.

"उंबरठा ओलांडून आलेलं माप परत जात नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "घरची लक्ष्मी जाते. सुम्ने, गप्प बसा, कापी घ्या."

तेव्हा भवानी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आत्याबाई, ते बाबांचं नव्हतंच. गावाचं होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं."

"म्हणजे दहा वर्षं मी गल्लीत मिरवलं ते मागून आणलेलं?"

"हौदु, मागून आणलेलं."

"मग तू या घरात आलीस, ती कशी आलीस म्हणायचं?"

"मी आले ती खरीच आले, आत्याबाई. माप उसनं होतं."

दत्तोजीराव कापीच्या पेल्यात बघू लागले. गिरिजाबाईंना आता वेगळीच काळजी लागली. शेजारच्या सीतालक्ष्मीला काय सांगायचे?

"सांगा," गंगाधरराव म्हणाले, "चार राजांनी या पायलीनं नेलं ते नेलंच. परत दिलं ते म्हैसूरच्या गिरिजाबाईंनी."

म्हातारी उठली. मग फडके शोधायला आत गेली. गाठ मात्र भवानीने मारली.

आता येलवाल मागे पडले आहे, पिरियापट्टणच्या तंबाखूचा वास येतो आहे. गंगाधरराव झोपले आहेत, मी जागी. लहान डब्यांची सवय झालेल्या हातांना माझे पोट भलतेच मोठे वाटेल. मला पाहून देतील, की पाहून नुसते हळहळतील?

मित्रांनो, वस्तू जपावी म्हणजे घासूनपुसून फडताळात ठेवावी, असे तुम्हाला सांगतात. म्हैसूरला मला फार छान जपले होते, आणि तिकडे शेते बुडत होती. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाचे काही असेल, तर ते घासत बसू नका. नेऊन द्या.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले आहेत, आणि ही बस प्रत्येक थांब्यावर थांबते आहे.