गाण्याचं वेड

चिंचेची फांदी कृष्णातच्या बोटांत अर्धी वाकली होती, तेवढ्यात खाली स्वयंपाकघरात गाणं एकदम मोठं झालं. त्याचा हात दचकला आणि फांदी कट्कन मोडली. किती वर्षं कुंडीत जपलेलं झाड एका बाजूने लुळं पडलं. त्याने स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली.

कृष्णात चौगुलेचं राजारामपुरीत मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. गुडघे गेले, दुकान बंद झालं, तेव्हापासून तो गच्चीवर बोन्साय करत होता. तार विकत आणावी लागत नसे. जळालेल्या मोटरमधलं तांबं मऊ पडलेलं असतं, फांदीभोवती हवं तसं आवळता येतं. बघायला येणारे म्हणत, काय नाजूक कला आहे. नाजूक कसली, डोंबलाची! मुळं छाटायची, फांद्या तारेने जखडायच्या, आणि वरून पाणी घालून माया दाखवायची. झाडाला ओरडता येत नाही म्हणून लोक याला कला म्हणतात. हे कळत असूनही त्याचा दिवस गच्चीवरच जायचा.

खालचं गाणं सुनेचं होतं. वर्षाराणीने दिवाळीला आपणहून मागून घेतलेला डबा होता तो, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, पोटात जुनी गाणी भरलेला. कृष्णातनेच तो आणून दिला होता. आजकालची पोर असून जुनी गाणी ऐकते, याचं त्याला फार कौतुक. एकदा चहाच्या गाड्यावर त्याने ते बाळासोला सांगितलं. बाळासो त्याच्या गावचा, मुरगूडचा बालमित्र. तो हसून म्हणाला, "तुझ्या आईवानीच हाय की रं सून. धोंडूआक्काला बी लई याड गाण्याचं." कृष्णातही हसला, पण उरलेला चहा त्याला गेला नाही.

धोंडुबाईचं गाण्याचं वेड साऱ्या मुरगुडाला ठाऊक होतं. तिचा नवरा आकाराम पैलवान. जत्रेच्या मैदानात त्याचं नाव पुकारलं की टोप्या उडायच्या. भर बाजारात म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा गुणी गडी. घरात शिरला की मात्र दाराला कडी लागे आणि खुंटीवरची चामडी वादी खाली येई. मग धोंडुबाई मुकाट कोनाड्याशी जाई, स्वतःच्या हाताने रेडिओ मोठा करी आणि परत येऊन नवऱ्यासमोर उभी राही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसली ही मूठ होती. कृष्णात कणगीमागे बसून ऐकायचा. गाण्यात वादी, वादीत गाणं. कुठल्या गाण्याच्या कुठल्या कडव्याला आईचा दात पडला, हे त्याला आजही सांगता आलं असतं.

ती गेली तेव्हा दहाव्याला कुणीतरी मोबाइलवर जुनी गाणी लावली, तिला आवडायची म्हणून. आकाराम ढसाढसा रडला. कृष्णात उठून परड्यात गेला आणि भडाभडा ओकला. बापाचा फोटो पुढे त्याच्याच घरात हार घालून लागला. आपल्या मुलाला, विश्वजितला, त्याने आजोबांच्या कुस्त्या सांगितल्या, वादी कधी सांगितली नाही. मेलेल्या माणसाची उणीदुणी कशाला काढा, असं त्याला वाटलं.

मोडकी फांदी छाटायला त्याने कातरी उचलली आणि तो तसाच उभा राहिला. खाली फाटकात विश्वजितची मोटरसायकल लावलेली होती, नुकतीच आलेली. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. सकाळी डबा बंद असतो. दुपारभर बंद असतो. मोटरसायकल आली की गाणं सुरू होतं, आणि थोड्या वेळाने मोठं होतं. नुसत्या घरघरीवरून मोटरीत काय जळालंय ते सांगणारा माणूस, त्याला घरातलं जळालेलं इतके महिने ऐकू आलं नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिना उतरला. फांद्या तोडायची कातरी हातातच राहिली होती.

विश्वजितने बायकोचे केस मुठीत धरून तिचं तोंड ओट्यावर दाबलं होतं. दुसऱ्या हाताने तो तिच्या पाठीत बुक्क्या घालत होता, झंपराखाली झाकल्या जातील अशा बेताने. ती ओरडत नव्हती. तिचा एक हात ओट्यावरून सरकत डब्याकडे चालला होता, आवाज आणखी वाढवायला.

कृष्णातने आधी डबा बंद केला. पुढची बुक्की उघडी ऐकू आली. भिजलेल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा आवाज. त्या आवाजाने विश्वजितच दचकला.

"आण्णा, तुमी वर जावा. नवराबायकोचं हाय."

कृष्णातने त्याचा हात पकडून ओट्यावर आपटला आणि कातरीची पाती त्याच्या अंगठ्याला लावली. अंगठ्याएवढी फांदी तो रोज एका दाबात तोडत असे. त्याला तोडायचा होता. अगदी मनापासून तोडायचा होता, आणि आपल्याला त्यात गोडी वाटते आहे हे कळताच त्याला बापाचा चेहरा आठवला. खाण तशी माती. त्याने कातरी मोरीत भिरकावली आणि खिडक्या एकेक करून सताड उघडल्या.

"मामा, गाणं लावा की," वर्षाराणी सासऱ्याकडे बघत पुटपुटली. तिच्या ओठातून रक्त गळत होतं. "लोकं ऐकत्यात."

"ऐकू देत. माझी आई रेडिओ लावून लावून मेली. गाव अजून म्हणतंय, तिला गाण्याचं याड हुतं."

विश्वजित भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत राहिला. मग बापाने घराची अब्रू वेशीला टांगली म्हणून तो अंगावर धावून आला. एका धक्क्यात कृष्णातचं कपाळ चौकटीवर आपटलं, भुवई फुटली. आवाज ऐकून शेजारची लालबी पळत आत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिला पाहताच विश्वजितने हात खाली घेतला. परक्यासमोर त्याला मारता येत नव्हतं.

कृष्णातने सुनेला एवढंच विचारलं, "येतीस?"

 पदराने तोंड पुसून तिने चपला पायात घातल्या.

पोलीस ठाण्यात लालबी तिच्या शेजारी बसून राहिली. वर्षाराणीने अडखळत सगळं सांगितलं, ठाण्यातल्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या कपाळाला फडकं धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळल्या. पाहिलेलं कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. कृष्णात म्हणाला, मी सांगतो.

"नाव?"

"कृष्णात आकाराम चौगुले."

"आणि मारणाऱ्याचं? पूर्ण नाव सांगा."

वर्षाराणीने तोंड उघडलं, पण कृष्णातने हाताने तिला थांबवलं. हे नाव तिने का घ्यावं?

"विश्वजित," तो म्हणाला.

"वडिलांचं नाव?"

तो काहीतरी बोलला. बाईंनी मान वर केली.

"जरा मोठ्यांदा सांगा, बाबा. ऐकू आलं नाही."

कृष्णातने कपाळावरचं फडकं खाली घेतलं, घसा खाकरला आणि बाहेरच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात आपलं नाव सांगितलं.