नाकात गेलेलं पाणी

नवऱ्याचं दुखणं कुठलं नि नाटक कुठलं, हे प्लंबरच्या बायकोला बरोबर कळायचं. साधी सर्दी झाली तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. त्या सकाळी मात्र तो तापाने फणफणून गप्प पडला होता. मान वाकवता येईना, आणि बायकोकडे बघून म्हणाला, "ताई, पाणी द्या."

तिने शेजाऱ्याला गाडी काढायला लावली नि तडक इस्पितळ गाठलं.

तिथली डॉक्टर अगदीच पोरसवदा होती. "मेंदूज्वर दिसतोय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात काही वेगळं घडलं होतं का?"

"वेगळं कसलं? पाच दिवसांपूर्वी एका व्यायामशाळेच्या गच्चीवरची टाकी साफ करत होते. उन्हानं पाणी कोमट झालेलं, तळाला वीतभर गाळ. पाय घसरला नि आडवे झाले. घरी येऊन तासभर शिंकत होते, आणि मी हसत होते."

डॉक्टर हसली नाही. "नाकात पाणी गेलं होतं?"

"चांगलं भरभरून!"

पाठीच्या कण्यातलं पाणी काढून डॉक्टर स्वतःच प्रयोगशाळेत पळाली. परत आली ती धापा टाकत. "अमीबा आहे. कोमट पाण्यात, गाळात राहतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून थेट मेंदूत शिरतो. फार क्वचित होतं हे. आणि... वाचणारे थोडे असतात."

"थोडे म्हणजे असतात ना? मग यांना त्यांत धरा."

एक औषध दुसऱ्या शहरातून विमानाने मागवावं लागलं. बारा दिवस बायको खुर्चीतच झोपली. तेराव्या दिवशी नवऱ्याने डोळे उघडले, कोपऱ्यातल्या बेसिनकडे पाहिलं आणि पुटपुटला, "अगं, तो नळ गळतोय. वायसर गेलंय."

ती इतकी हसली नि इतकी रडली, की नर्स धावत आली.

मग काय, इस्पितळातले झाडून सगळे डॉक्टर त्याला बघायला येऊ लागले. स्वारी खुशीत! दर खेपेला त्याच्या सांगण्यात टाकी हातभर खोल व्हायची, आणि बायको ती पुन्हा उथळ करायची.

तीन महिन्यांनी तो कामावर गेला. नाकाला वास येणं मात्र कायमचं बंद झालं होतं. बाकीच्या प्लंबरांनी लगेच शहरातली तुंबलेली गटारं त्याच्या गळ्यात मारली. तो शीळ घालत ती उपसतो. संध्याकाळी बायको दारातच साबण घेऊन उभी असते, पदर नाकाला लावून.

"आधी अंघोळ!" ती ओरडते. "तुम्हाला नसेल येत, मला येतो!"