मडक्याच्या गळ्यावरचा डाग

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये बोलू नका! मी एक जुना शाईचा पेन आहे. केसाएवढ्या बारीक टोकाचा. जमिनीखालून निघालेली मडकी, खापरं यांची चित्रं माझी मालकीण, आत्या, माझ्याच हातानं काढायची. म्हणजे हात तिचा, पण ठिपके माझे!

मग टेबलावर स्कॅनर आला. चपटा, थंड. आत्याची भाची एकेक जुनं चित्र त्याच्या पोटात घालायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. "आत्या, काय झकास दिसतंय बघ!" अहो, चित्र माझं आणि कौतुक त्याचं! माझा नुसता जळफळाट झाला.

एकदा आत्यानं पडद्यावर पाहिलं आणि ती किंचाळलीच. "अगं, मडक्याच्या गळ्यावरचे ठिपके कुठे गेले?"

"ती धूळ होती ना? एका क्लिकमध्ये साफ केली."

"धूळ? तीन दिवस मान मोडून मारलेत मी ते! ती त्या मडक्यावरची नक्षी आहे, बाई. उद्या इंटरनेटवर सगळं जग हे टकलं मडकं बघणार!"

मला कसल्या उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! पण भाची म्हणाली, "थांब, परत स्कॅन करते. मिनिटाचं काम."

मिनिटाचं? म्हणजे तो पुन्हा हिरो? ठिपके दाखवायला आत्यानं मला टोपण काढून चित्रावरच आडवं ठेवलं होतं. सोडला एक थेंब. बरोब्बर गळ्यावर.

आत्या डागावर वाकली आणि हळूच म्हणाली, "माझाच हात थरथरतो हल्ली. मीच शाई सांडली असेल."

मित्रांनो, तिथे मला कसंतरीच झालं.

तिनं ब्लेडनं डाग खरवडला. डागाबरोबर खालचे दहा ठिपकेही गेले. मग मला कोमट पाण्यात धुतलं, पुसलं. कितीतरी महिन्यांनी! "चल रे राजा, दहाच दे."

अडून बसलो असतो, तर स्कॅनरची चांगली जिरली असती. पण तिचा कापरा अंगठा माझ्या पाठीवर होता. दिले. दहाच्या दहा.

भाचीनं पुन्हा स्कॅन केलं आणि आता ते मडकं ठिपक्यांसकट जगभर दिसतं. लोक लिहितात, "स्कॅन किती सुंदर!" आणि आत्या अजून स्वतःच्या हातालाच दोष देते. म्हणून म्हणतो, जुन्या पेनाला अधूनमधून धुवा, टोपण लावा. जळका पेन काय करेल, नेम नाही.

पण खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?