सरकलेलं चित्र

मनस्वीने शिफ्ट रूममधल्या संगणकावर फाइल उघडली, छपाईचं बटण दाबलं आणि कागद बाहेर येईपर्यंत प्रिंटरशेजारी उभी राहिली. पान हातात आल्यावर ते घेऊन ती खिडकीशी गेली. दुसऱ्या हातात तेच पान होतं, तिच्या स्वतःच्या टेबलावरच्या संगणकातून काढलेलं. फाइल एकच होती आणि पानं मात्र दोन निराळी निघाली होती.

तिच्या पानावर लाल अक्षरांत ओळ होती, "ॲसिड लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा", आणि खाली त्या व्हॉल्व्हचा फोटो. मग हिरव्या अक्षरांत, "निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा", आणि त्याचा फोटो. शिफ्ट रूममधल्या पानावर लाल ओळीखाली नुसतीच मोकळी जागा राहिली होती. ॲसिड लाइनचा फोटो घसरून हिरव्या ओळीखाली जाऊन बसला होता आणि निचऱ्याचा फोटो पार पुढच्या पानावर गेला होता.

भिकू वाघमारे मागल्या आठवड्यात गेला. निडीजवळच्या कातकरवाडीतला हा माणूस रोह्याच्या या कारखान्यात टाक्या धुवायच्या कामावर होता, ठेकेदाराकडून आलेला. निचरा उघडायच्या वेळी त्याने ॲसिडची लाइन उघडली. इस्पितळात नेईपर्यंत तो बोलत होता, पुढे बोलला नाही. कंपनीने चौकशी केली आणि कामगाराने सूचना पाळल्या नाहीत, निष्काळजीपणा केला, असं लिहून ठेवलं. भिकूला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तो रंग बघायचा, फोटो बघायचा आणि तसं करायचा. फोटो घातले होते तेच मुळी त्याच्यासारख्यांसाठी, आणि ते मनस्वीनेच घातले होते. कारखान्यातल्या सगळ्या कामांच्या सूचना तयार करणं, ही तिची नोकरी.

ऑडिटवाल्यांनी सांगितलं म्हणून तिने या पानावर वरती एक ओळ वाढवली होती, तोंडावर शील्ड लावण्याची. ओळ वाढली तशी खालची जुळणी हलली. तिने फोटो माउसने ओढून पुन्हा जागच्या जागी बसवले, पडद्यावर पान देखणं दिसतंय याची खात्री केली आणि फाइल पाठवून दिली. शिफ्ट रूमच्या संगणकात तिचा मराठी फॉन्टच नव्हता. त्याने आपला दुसरा घेतला, अक्षरं थोराड झाली, ओळी वाढल्या, फोटो खाली गेला. सुपरवायझरने पान छापलं, प्लास्टिकमध्ये घातलं आणि टाकीजवळ टांगलं. निघालेलं पान नीट बघितलं असेल तर ते एकट्या भिकूने.

जितेशने हे होणार म्हणून सांगितलं होतं. प्रोसेस विभागातला हा इंजिनिअर सगळ्या सूचना मार्कअपमध्ये लिहाव्यात म्हणून मागे लागला होता. त्यात पान दिसतच नाही. साध्या अक्षरांत लिहायचं आणि प्रत्येक गोष्टीला खूण करायची; ही पायरी, हा इशारा, हे चित्र अमुक पायरीचं. पान कसं मांडायचं ते मागाहून यंत्र ठरवतं, पण चित्र आपली पायरी सोडून जात नाही. मीटिंगमध्ये त्याने पडद्यावर ते कंस आणि खुणा दाखवल्या तेव्हा मनस्वीला हसू आवरलं नव्हतं. ती हमरापूरची. बाप गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. समोर मूर्ती आणि हातात ब्रश. न बघता कुणी डोळे आखतं का, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि मॅनेजरसाहेबांसकट सगळे हसले होते. वर्डमधली तिची पानं कारखान्यात नावाजलेली होती.

दोन्ही पानं घेऊन ती मॅनेजरसाहेबांकडे गेली. त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आणखी कुणी बघितलंय?"

"नाही, साहेब."

त्यांनी जितेशला बोलावून घेतलं आणि त्याच्या पद्धतीने सगळ्या सूचना करायला किती वेळ लागेल ते विचारलं. जितेशची नजर टेबलावरच्या पानांवर गेली, तिथे थोडी थांबली आणि उचलली गेली. टाकीची सूचना सोमवारपर्यंत होईल, बाकीच्या महिनाभरात, असं तो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. जुन्या फाइली ठेवायच्या नाहीत, भिंतींवरची पानंही उतरवायची, आता सगळं नव्याने, असं त्यांनी मनस्वीला सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. पानं त्यांनी परत तिच्याच हातात दिली, तीही त्या रद्दीतच घाल म्हणून.

बाहेर आल्यावर तिने जितेशला गाठलं.

"काय झालं ते कळलं ना तुला?"

"कळलं." तो जिना उतरत होता, थांबला. "मी सांगत होतो तेव्हा तूच हसली होतीस, मनस्वी."

तो उरलेला जिना उतरून गेला.

संध्याकाळी ती पेणच्या गाडीत बसली खरी, पण निडीला उतरली. फलाटावर तिच्याबरोबर दोन बायका उतरल्या, त्यांनीच वाडीची वाट दाखवली. भिकूची बायको येसू दारातल्या चुलीशी बसली होती. आत सासू, ठमाबाई, भिंतीकडे तोंड करून निजली होती. मनस्वीने आपण कोण ते सांगितलं. येसूने गोणपाट पुढे सरकवलं आणि भांडंभर पाणी आणून ठेवलं.

मनस्वीने दोन्ही पानं तिच्यापुढे जमिनीवर मांडली. हिरवी ओळ म्हणजे उघडा, लाल म्हणजे बंद करा, असं बोट ठेवून समजावलं. कुठला फोटो कुठे असायला हवा होता आणि कुठे गेला तेही दाखवलं. हे सांगताना आपण फार भरभर बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, पण सावकाश बोलणं तिला जमेना.

"त्यांनी चूक केली नाही, वहिनी. कागदावर होतं तेच केलं. चूक माझी."

येसू पानांकडे बघत राहिली. मग तिने टाकीपाशी कुठला कागद होता ते विचारलं, आणि मनस्वीने दाखवल्यावर त्यातल्या फोटोवरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा. मनस्वी सांगत होती, की सरकारी चौकशी लावता येईल, हे कागद तिथे दाखवता येतील, मी स्वतः येऊन बोलेन. आतून ठमाबाईने कोण आलंय म्हणून विचारलं.

"कंपनीतल्या ताई हायत," येसू म्हणाली. मग आवाज खाली आणला. "ठेकेदार येऊन गेला काल. आमी तक्रार नाय म्हनून कागदावर अंगठं दिलं. सोमवारपासनं हरेश जातोय, यांच्याच जागेवर."

हरेश म्हणजे भिकूचा धाकटा भाऊ. त्याला वाचता येतं का, असं मनस्वीने विचारलं. येसूने नुसती नकाराची मान हलवली.

मग येसूने दोन्ही पानं उचलली, एकावर एक ठेवली आणि चुलीत सारली. मनस्वीचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला. प्लास्टिक नव्हतं, कागद लगेच पेटला.

"त्याला यातलं सांगू नका. तो जायचा नाय मग," येसू म्हणाली. "त्याचा कागद तेवढा नीट करा, ताई."

परत स्टेशनापर्यंत येसू तिला सोडायला आली.

शनिवारी मनस्वी जितेशशेजारी बसून टाकीची सूचना लिहीत होती. पडद्यावर पान नव्हतं, नुसती अक्षरं आणि खुणा. पायरी सुरू, ओळ, चित्र, पायरी संपली. शिकायला तिला वेळ लागला नाही. दुपारी त्यांनी ती आधी तिच्या संगणकावर छापली आणि मग शिफ्ट रूममधल्या. दोन्ही पानं एकसारखी होती. दिसायला ती काही फारशी चांगली नव्हती. समास मोठे, फोटो लहान. ओळी मात्र ज्याच्या त्याच्या फोटोवर बसल्या होत्या. जितेश खूश झाला, आणि खूश झालेलं दिसू नये म्हणून पाणी प्यायला गेला. तो नसताना तिने जुनी फाइल पुसली.

सोमवारी ती टाकीपर्यंत वर चढून गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती इथे फोटो काढण्यापुरतीच आली होती. फरशीचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा पांढरा पडला होता. हरेश आला होता. भिकूपेक्षा उंच, विशीतला. हातमोजे नवे होते, त्याला ते मोठे होत होते. सुपरवायझर त्याला शील्ड कशी लावायची ते दाखवत होता.

मनस्वीने नवं पान खिळ्याला अडकवलं आणि त्याला जवळ बोलावलं. एकेका फोटोवर बोट ठेवत ती त्याला त्या त्या व्हॉल्व्हपाशी घेऊन गेली आणि चाकावर हात ठेवायला लावला. तो मुकाट्याने ठेवत गेला. ॲसिडच्या लाइनपाशी आल्यावर त्याने हात मागे घेतला.

"दादानं हाच उघडला ना?"

"हो."

"कशापायी उघडला असंल?"

सुपरवायझर खाली वाकून पाइपाचा जोड तपासू लागला. मनस्वी पानाकडे वळली. प्लास्टिकवर कुठे सुरकुती नव्हती, तरी ती तिने तळव्याने सारखी केली.

"तू मनाने काही करू नकोस," ती म्हणाली. "चित्रात दिसेल तेवढंच कर."

हरेशने मान डोलावली. शील्ड तोंडावर ओढली. आतून त्याचा आवाज लांबून आल्यासारखा आला.

"दादा पन तसंच करायचा, ताई."