डावा कोपरा

स्टुडिओवाल्या मास्तरांनी फोटो मोठे करायचा एन्लार्जर विकायला काढल्याची जाहिरात तिने लेकीला, ठमीला, भरवता भरवता वाचली आणि चमचा हवेतच राहिला. ठमीने थोडा वेळ आ वासून वाट पाहिली, मग चमचा ओढून गालाला फासला.

"काय गं, कोणी गेलं की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. जायला निघालंय."

तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. चार घड्या घातलेला, दाबून दाबून गुळगुळीत झालेला. तीन वर्षं तो तिथे होता.

त्याआधी नऊ वर्षं ती मास्तरांच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत राबली होती. फोटो काढायचे मास्तर, पण निगेटिव्हवरून कागदावर माणूस उतरवायची ती. ती कामाला लागली त्याच महिन्यात आलेल्या त्या एन्लार्जरला एक खोड होती. त्याचा खांब लाकडी पाटावर केसभर कलता बसला होता, त्यामुळे मोठ्या केलेल्या प्रत्येक फोटोचा डावा कोपरा धूसर यायचा. पहिल्याच महिन्यात तिने फोटोच्या पाकिटाचा पुठ्ठा घडी घालून खांबाच्या बुडाशी सरकवला आणि कोपरा लख्ख झाला. मास्तरांना सांगायचं राहून गेलं. दिव्यात तेल कोणी घातलं, हे उजेडात बसणारा कुठे विचारतो?

मग तिला सातवा महिना लागला. गिऱ्हाइकांसमोर मास्तर म्हणाले, "अशा दिवसांत बायकांची नजर पातळ होते. घरी बस आता." तिला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर मास्तरांचा भाचा बसलेला होता. तिने खुंटीवरचा ॲप्रन घेतला, जेवणाचा डबा घेतला, आणि चप्पल शोधायच्या निमित्ताने वाकून तो पुठ्ठाही काढून घेतला. माझं ते माझं.

ठमी चार महिन्यांची झाल्यावर ती गावातल्या दुसऱ्या दोन स्टुडिओंत काम मागायला गेली. दोन्हीकडे एकच उत्तर. "मास्तर सांगत होते, तुमची नजर गेलीय म्हणून."

तर अशी ती आता ठमीला कडेवर घेऊन, सासूबाईंना बरोबर घेऊन, मास्तरांच्या दारात उभी राहिली. पुठ्ठा पर्समध्ये होता.

मास्तर वाळले होते. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या.

"तू?"

"मीच. एन्लार्जर बघायला आले."

"बघायला आलोय खरं, पण पोहे-चहा नको," सासूबाई म्हणाल्या. "पोर झोपेला आलीय. नवरदेव लवकर दाखवा."

मास्तरांनी अंधाऱ्या खोलीचा दिवा लावला. सासूबाईंनी एन्लार्जरभोवती एक चक्कर मारली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "मान जराशी वाकडी दिसते हो याची!"

 तीन वर्षं ज्याला दिसलं नाही, ते या माउलीला उभ्या उभ्या दिसलं!

पण मास्तर हसले. "आजी, वाकडी मान माझी. यंत्र बिचारं सरळ आहे." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू गेलीस आणि डावा कोपरा धूसर यायला लागला. भाच्याला दोष दिला, तो भांडून गेला. भिंग बदललं. दोन वेळा चष्मा बदलला. गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नाहीत, फक्त परत येत नाहीत. फोकस कुठे लागतो तेच मला कळेनासं झालंय."

त्यांनी एक निगेटिव्ह अडकवली. पांढऱ्या कागदावर कोणा नवऱ्या मुलीचा चेहरा पडला. डावीकडे हाताची बोटं धुक्यात बुडालेली.

"तू बघ," मास्तर म्हणाले. "तुझ्याइतकं या यंत्राला कोणी ओळखत नाही. खरं सांग. हे बिघडलंय, की मी?"

ठमीने पर्सचा पट्टा तोंडात घातला होता. तिने तो लेकीच्या तोंडातून हळूच सोडवला. पुठ्ठा पर्सच्या आत, बोटाला लागेल इतका जवळ. आत्ता सरकवला तर म्हातारा आनंदाने उडी मारेल, नि एन्लार्जर जन्मात विकणार नाही.

"यंत्राला काय धाड भरलीय, मास्तर?" ती म्हणाली. "नजर पातळ झाली की असं होतं. घरी बसा आता."

तीन वर्षं घोळवलेलं वाक्य. पोराला थोपटावं इतक्या मऊ आवाजात बाहेर पडलं.

मास्तरांनी मान डोलावली. स्वतःचंच वाक्य त्यांना ओळखू आलं नाही, हे तिला सगळ्यात झोंबलं.

एन्लार्जर घरी आला. भर दुपारी, ठमी झोपल्यावर, तिने न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं, खांबाखाली पुठ्ठा सरकवला आणि ठमीच्या बाळपणीची निगेटिव्ह लावली. पाळण्यात उताणी ठमी, डाव्या कोपऱ्यात तिचं उचललेलं पाऊल. औषधाच्या पाण्यात कागद काळवंडत गेला तशी पाचही बोटं वर आली, नखांसकट. तिने तेवढ्यावरून ओलं बोट फिरवलं.

फोटो वाळला, तसा तिने तो मास्तरांना पाठवून दिला. चिठ्ठी नाही, काही नाही.

"एवढं छळलं त्याने, आणि वर भेट?" सासूबाई म्हणाल्या.

"भेटच आहे, आई."

पाचव्या दिवशी फोन आला. 

"डाव्या कोपऱ्यात," मास्तर म्हणाले, "बाळाची नखं दिसतात."

"दिसली ना?"

"पाच. पुन्हा पुन्हा मोजली." आवाज चिरकला. "म्हणजे माझे डोळे..."

"ठणठणीत आहेत."

"मग इतकी वर्षं?"

"पाकिटाचा पुठ्ठा, मास्तर. खांबाखाली. मी घातला होता, मीच काढला."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. चष्मा असावा.

"काल चाव्या दिल्या गं मी," ते म्हणाले. "स्टुडिओच्या, नव्या मालकाला."

'असू द्या, मास्तर' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण मग तिला त्या दोन स्टुडिओंची दारं आठवली. ठमी कडेवर, हातात जुन्या फोटोंची पिशवी, आणि आतून मिळालेलं ते एकच उत्तर.

"मग आता वेळच वेळ आहे तुम्हाला," ती म्हणाली. "गावातल्या त्या दोन्ही स्टुडिओवाल्यांना फोन करा. माझी नजर कशी आहे ते सांगा. नखं मोजलीत, तेही सांगा."

उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

"कोण होतं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "फोटो स्पष्ट आलाय म्हणत होते."