अडकलेली कॅसेट

गाडी घेणारा चार वाजता येणार होता, आणि तीन वाजले तरी कॅसेट काही गाडीतून निघत नव्हती.

गाडी पंपवाल्यांची. पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्यांनी तीस वर्षं काढली, तेव्हापासून ते सगळ्यांचे पंपवाले. बायको जाऊन पाच महिने झाले होते. लेक त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली गाडी लावायला जागा नाही. "बाबा, तिकडे गाडी लागतेय कशाला?" असं ती म्हणाली, आणि पंपवाल्यांना उत्तर सुचलं नाही. न सुचलेलं उत्तर म्हणजे होकार, असं धरून गाडी विकायचं ठरलं. घर विकायचंही तसंच ठरलं होतं.

कॅसेट बायकोची. लग्नाआधी ती कॅसेटच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद झालं तेव्हा मालक म्हणाला, हवी ती एक घेऊन जा. तिने ही उचलली; दुकानात ऐकून ऐकून हिच्या दोन्ही बाजू तिला पाठ होत्या. इलेक्ट्रिक गिटारवरचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं दुःखाचं गाणं. कव्हरवर डोळे मिटलेला एक माणूस, तोंड असं वाकडं की दाढ उपटताहेत जणू.

घरात टेप नव्हता. तो आला थेट गाडीबरोबरच. दर रविवारी दोघं बाजाराला जायची. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. तेवढा वेळ शेजारीण सासूबाईंपाशी बसायची. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या, आणि बायको नऊ वर्षं त्या अंथरुणाशी. रविवारी गाडीत बसली की आधी काचा वर करायची, मग आवाज वाढवायची.

"हे काय गं? मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं!"

"तार ऐका. ओढतोय, ओढतोय, आता तुटली असं वाटतं. पण तुटत नाही."

"मग?"

"मग काय? तुटत नाही, म्हणून तर ऐकायचं."

गाडी आली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पंपवाले दोन पाळ्या करून आले होते. डोकं ठणकत होतं. पहिली बाजू संपली, तशी ती म्हणाली, "आता दुसरी लावते. खरी आग तिकडे आहे." कॅसेट बाहेर काढायचं बटण जरा अडलं. पंपवाल्यांनी रागारागाने फटीत स्क्रूड्रायव्हर घातला. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. कॅसेट वाजत राहिली, मागे-पुढे जात राहिली, पण बाहेर यायचं नाव घेईना.

ती चिडली नाही. म्हणाली, "बरं झालं. आता तुमच्यानेही निघायची नाही."

त्यानंतर सोळा वर्षं फक्त पहिली बाजू. दुसरी तिच्या तोंडात राहिली. मोरीत सासूबाईंच्या चादरी धुताना ती तोंडाने गिटार वाजवायची. व्यांव, व्यांव करत आवाज वर चढवायची, मधेच गप्प व्हायची, बोटांच्या पेरांनी बादलीवर दोनदा ठोकायची, आणि पुन्हा तिथूनच वर. लेक तेव्हा लहान होती, खो खो हसायची. पंपवाले बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "हळू जरा. आई झोपलीय." की मोरीत नुसतं पाणी ऐकू यायचं.

"पंपवाले, ही काय पाण्याची लाईन आहे, स्क्रूड्रायव्हर घालायला?" टेप दुरुस्त करणारा मिस्त्री आत्ता डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडला होता. बाहेर फक्त पाय होते.

"निघेल का?"

"बायकोने शिव्या दिल्या असतील."

"नाही दिल्या," पंपवाले म्हणाले. "द्यायला हव्या होत्या."

मिस्त्रीने चिमटा मागितला. साडेतीनला कॅसेट बाहेर आली. फीत एके ठिकाणी चुरगळली होती. त्याने ती नखाने सरळ केली, पेन्सिल घालून गुंडाळली आणि पंपवाल्यांच्या हातात दिली. इतकी हलकी वस्तू असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आता दुसरी बाजू लाव," ते म्हणाले.

"यात? आतला दात तुटलाय. पुन्हा घातलीत तर पुन्हा अडकेल. मग मी काढणार नाही, आणि निघणारही नाही. घरी न्या, दुसरा टेप बघू."

"कुठल्या घरी?"

मिस्त्रीने चष्मा पुसला. पंपवाल्यांनी कॅसेट उलटी केली आणि आत ढकलली. कट्‌.

मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला. पंपवाले गाडीत बसले. ऊन होतं, तरी त्यांनी काचा वर केल्या. पहिली दोन गाणी त्यांना अनोळखी वाटली. तिसऱ्यात गिटार वर चढू लागली आणि ते सीटवर सरळ बसले. हे त्यांनी ऐकलं होतं. मोरीच्या दारातून, वर्षानुवर्षं. एकही सूर तिने चुकवला नव्हता. कव्हरवरचा तो माणूस निदान डोळे मिटून ओरडत होता, आणि ऐकणाऱ्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. ती ओरडत होती तेव्हा पंपवाले म्हणाले होते, हळू जरा.

पलीकडचं दार उघडलं. लेक आत डोकावली. "बाबा, घामाने निथळताय! ते गृहस्थ आलेत. चावी द्या."

"बस."

"अहो, ते उभे आहेत बाहेर."

"दार लाव आणि बस. ही बाजू अडकलीय आता. गाडी गेली की ही पण जाणार."

ती आईच्या जागेवर बसली. चावीसाठी पुढे केलेला हात तिने मागे घेतला. गिटार वर गेली, आणखी वर, आता तुटणार इतकी वर, आणि एकदम थांबली.

लेकीने बोटांच्या पेरांनी डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं.

मागोमाग ड्रम दोनदा वाजला. तिचं जरा आधीच झालं होतं.

बाहेर गाडी घेणारा काचेवर टकटक करत होता. लेकीने काच खाली केली नाही. डोळे पुसता पुसता तिने आतूनच हात हलवून त्याला नाही म्हणून सांगितलं. पंपवाल्यांनी बटण फिरवून आवाज वाढवला.