ठमीच्या पाण्यात कोंडा

कौलांच्या कारखान्यातलं ते वाफेचं इंजिन इतकं बुटकं होतं की नवा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "हे खरंच काही ओढतं का?" मग ड्रायव्हरच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याच्या बापानेही तेच इंजिन चालवलं होतं. सगळे तिला ठमी म्हणायचे. खाणीतून मातीने भरलेल्या वाघिणी घ्यायच्या, धापा टाकत चढ चढायचा, कारखान्याच्या दारात त्या सोडायच्या आणि रिकाम्या घेऊन परत फिरायचं, एवढाच तिचा संसार होता.

त्या संसारावर आता संक्रांत आली होती. शेडच्या पलीकडे डिझेलचं नवं इंजिन ताडपत्री पांघरून सवतीसारखं येऊन बसलं होतं. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या मी स्वतः बरोबर येतो. पूर्ण भरलेली गाडी चढवून दाखवा. भट्टीत बॉयलरच्या नळ्या गळताना दिसल्या किंवा चढावर अडलात, तर तिला कापायला माणूस बोलावतो."

आणि नळ्या तर गळत होत्या. भट्टीचं दार उघडलं की निखाऱ्यांवर थेंब पडल्याचा चुर्र चुर्र आवाज यायचा, आणि तो आवाज ड्रायव्हरला जेवतानाही ऐकू यायचा. ठमी गेली तर आपण सकाळी उठायचं तरी कशाला, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

भट्टीत कोळसा टाकायला त्याच्याबरोबर फायरमन असायचा, आणि तो होता त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हणजे दिवसभर इंजिनावर मेहुणा आणि रात्री ताटावरही मेहुणा. त्यानेच त्या दुपारी हळूच विषय काढला.

"दाजी, पाण्यात मूठभर कोंडा टाकू या का? जुने लोक टाकायचे म्हणे. कोंडा फुगतो, फटीत जाऊन बसतो, गळती थांबते."

ड्रायव्हर असा तडकला की विचारू नका. "माझ्या ठमीला भेसळ पाजतोस? अरे, कोंडा पाण्याच्या काचेच्या वाटेत अडकला तर काच खोटं बोलायला लागेल. मग बॉयलरमध्ये पाणी किती, हे काय तुझ्या बहिणीला विचारू? परत नाव काढायचं नाही!"

"बरं, तुम्ही म्हणाल तसं," फायरमन म्हणाला आणि फावडं घेऊन निमूट कामाला लागला.

एवढं सगळं बोलून मोकळा झालेला हा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठला आणि बायकोने कोंबड्यांसाठी ठेवलेल्या डब्यातून कोंडा रुमालात बांधून घेऊन निघाला. स्वतःच्याच घरात चोर झाल्यासारखं त्याला वाटत होतं. शेडमध्ये पोचल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, घाईघाईने रुमाल पाण्याच्या टाकीत झटकला आणि ते पाणी बॉयलरमध्ये घेतलं. मेहुणा यायच्या आत उरकायचं होतं. मग त्याने भट्टीचं दार उघडून आत डोकावलं. एकही थेंब पडत नव्हता. नळ्या कोरड्या ठणठणीत. त्याचे डोळे भरून आले.

थोड्या वेळाने फायरमन आला. त्यानेही भट्टीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आज बरी दिसतेय की."

"तिला कळतं सगळं," ड्रायव्हर दुसरीकडे बघत म्हणाला.

मॅनेजर पांढरा शर्ट घालून आला, भट्टीत बघून त्याने मान डोलवली आणि दोघांच्या मागे कसाबसा मावेल असा उभा राहिला. ठमीने भरलेल्या वाघिणी उचलल्या आणि चढाला लागली. चाकं घसरली नाहीत. वाफ भरपूर होती. ड्रायव्हरला तिची पापी घ्यावीशी वाटली.

अर्धा चढ संपला तेव्हा त्याची नजर समोरच्या काचेच्या नळीवर गेली. बॉयलरमध्ये किती पाणी आहे ते तीच सांगते, आणि चालत्या इंजिनात त्या नळीतलं पाणी सारखं नाचत असतं. ते नाचत नव्हतं. अर्ध्यावर गप्प उभं होतं. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं.

अशा वेळी काय करायचं ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. काचेखालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडायचा, नळी रिकामी करायची आणि खरं पाणी परत चढतं का ते बघायचं. पण कॉक उघडला की आधी बाहेर येणार कोंड्याची पेज, आणि तीही मॅनेजरच्या बुटांवर. खेळ तिथेच खलास. त्याने पाहिलं, फायरमनचा हात कॉककडे गेला आणि तसाच मागे आला. का आला, हे ड्रायव्हरने विचारलं नाही. सुटलो, एवढंच त्याला वाटलं. माथा दिसत होता. वर पोचलो की बघू, असं तो स्वतःला सांगत राहिला.

वर पोचलेच नाहीत. भट्टीच्या छताला शिशाची एक गुडदी, म्हणजे बूच, असते. छतावरचं बॉयलरमधलं पाणी आटलं की ती वितळते, वाफ खाली भट्टीत शिरते आणि आग विझवते, म्हणजे बॉयलर फुटून माणसं मरत नाहीत. ती गुडदी गेली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, सगळीकडे राख आणि वाफ झाली, मॅनेजर कोळशावर आडवा पडला. ड्रायव्हरने आंधळ्यासारखं चाचपत ब्रेक आवळला. गाडी थांबली. वाफ विरल्यावर त्याने भट्टीत पाहिलं. छताला पोट सुटलं होतं. असं छत सरळ होत नसतं.

मॅनेजर राख झटकत खाली उतरला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जीव वाचले, खूप झालं. म्हातारी झाली होती हो ती. तुमचा काही दोष नाही." आणि डिझेल पाठवायला तो रुळांवरून चालत निघाला.

फायरमन रुळांशेजारी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"दाजी, मी मारली तिला. तुम्ही नको म्हणालात तरी मी ऐकलं नाही. काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर ताईकडून कोंडा मागून आणला आणि टाकला. काच उघडणार होतो, पण साहेब मागे उभे. तुम्हाला कळलं तर तुम्ही मला परत दारात उभं करणार नाही, म्हणून घाबरलो."

ड्रायव्हरला नुसतं गप्प बसायचं होतं. मॅनेजरने त्याला निर्दोष सोडला होता आणि मेहुण्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. पण त्याला ते सहन होईना.

"मीही टाकला," तो म्हणाला. "आज पहाटे. तुझ्या आधी आलो ते त्याचसाठी."

फायरमन बघतच राहिला. एका भाजीत दोघींनी मीठ घालावं तसं झालं होतं, आणि क्षणभर तो हसलादेखील. मग त्याचं हसू मावळलं.

"दाजी, नुसत्या माझ्या कोंड्यावर चढली असती का हो?"

ड्रायव्हरला उत्तर माहीत होतं. टाकीत रुमाल झटकण्याआधी त्याने भट्टीत एकदा डोकावलं असतं, तर नळ्या आधीच कोरड्या दिसल्या असत्या. आधी बघायचं आणि मग हात लावायचा, हे त्यानेच मेहुण्याला शिकवलं होतं. पकडले जाऊ या भीतीने आज तो स्वतः बघायला विसरला होता. नाही, ती तशीही गेलीच असती, असं म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

"चढली असती," तो म्हणाला. "आरामात."

खालून डिझेलचा आवाज येऊ लागला. ते आलं, जोडलं गेलं, आणि त्याचा पोरगेला ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ब्रेक सोडा, काका!"

ठमीचा ब्रेक आजवर ड्रायव्हरने दुसऱ्या कुणाला सोडू दिला नव्हता. त्याने दांडा धरला, पण हाताने ऐकलं नाही.

"तू सोड," तो मेहुण्याला म्हणाला. "माझ्याने होत नाही."